तरुणांनी उभारलेल्या शहरांचे प्रचारपट : पाहण्याची, नोंदण्याची आणि लिहिण्याची रीत

सोव्हिएत रशिया, पोलंड, युगोस्लाव्हिया या देशांनी विसाव्या शतकात ओसाड जागी नवी शहरं वसवली आणि ती बांधणाऱ्या तरुण स्वयंसेवकांवर चित्रपट काढले. फिल्म सोसायटीत, रसास्वाद शिबिरात, कॉलेजच्या प्रकल्पासाठी हे चित्रपट आजही पाहिले जातात आणि त्यांवर लिहिलंही जातं. त्या लेखनात त्याच त्या चुका दिसतात. कुणी सोव्हिएत बांधकामांवर राबवलेल्या कैद्यांच्या छावण्यांबद्दल आधीच वाचून येतं आणि पहिल्या रिळातच 'सगळं खोटं' म्हणून पाहणं सोडून देतं. कुणी चिखलात उभी राहून गाणारी पोरं बघून भारावतं आणि पडद्यावरचं १९३२ साल खरोखर १९३२ मध्येच टिपलंय असं धरून चालतं. दोघांचाही क्रम चुकतो. निकाल आधी लागतो आणि चित्रपट नंतर पाहिला जातो.

खाली तो क्रम लावून दिला आहे. मुख्य उदाहरण सेर्गेई गेरासिमोव्ह यांच्या 'कोम्सोमोल्स्क' (१९३८, लेनफिल्म स्टुडिओ) या कथापटाचं. सोव्हिएत अतिपूर्वेत अमूर नदीच्या काठी १९३२ पासून उभारलेल्या कोम्सोमोल्स्क शहराची ही गोष्ट. कोम्सोमोल म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची युवक संघटना. मॅग्निटोगोर्स्क (सोव्हिएत रशिया), नोव्हा हुता (पोलंड), नवं बेलग्रेड (युगोस्लाव्हिया) यांच्यावरच्या चित्रपटांनाही हीच रीत चालते. फरक पडतो तिथे सांगितलं आहे. एका चित्रपटाला साधारण आठवडाभर रोज दोन तास लागतात. एका बैठकीत सगळं उरकू नका. पहिल्या दिवशीचा डोळा आणि तिसऱ्या दिवशीचा डोळा वेगळा असतो आणि या कामात दोन्ही लागतात.

## टप्पा १ : प्रत तपासा

हातात आलेली प्रत कोणती आहे हे कळल्याशिवाय एक ओळही लिहू नका. स्टालिनच्या काळातले अनेक सोव्हिएत चित्रपट १९५६ नंतर पुन्हा संकलित झाले. स्टालिन दिसणारे शॉट काढले गेले, काही ठिकाणी संवाद नव्याने भरले गेले. 'लेनिन इन ऑक्टोबर' (१९३७) हे याचं ठळक उदाहरण आहे. त्यामुळे 'या चित्रपटात स्टालिन कुठेच नाही' असं वाक्य लिहिण्याआधी तुम्ही १९३८ ची प्रत पाहताय की नंतर दुरुस्त केलेली, हे ठाऊक असलं पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी बघा. एक, श्रेयनामावलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी दुसऱ्या स्टुडिओचं नाव आणि नंतरचं साल आहे का. असेल तर ती पुनर्स्थापित प्रत. दोन, सभेच्या दृश्यात टाळ्या सुरू होतात पण कोणासाठी ते दिसत नाही, किंवा पार्श्वसंगीत एका कटवर अचानक तुटतं, असं कुठे होतं का. तीन, लांबी.

लांबीच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. जुन्या सोव्हिएत सूचींमध्ये लांबी मिटरमध्ये दिलेली असते. ३५ मिमी बोलपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळतो. म्हणून मिटरला २७.४ ने भागा, मिनिटं मिळतात. २७४० मीटर म्हणजे १०० मिनिटं. आता युरोपातल्या टीव्ही किंवा डीव्हीडीसाठी केलेली प्रत सेकंदाला २५ फ्रेमने चालते, म्हणजे तोच १०० मिनिटांचा चित्रपट एकही शॉट न कापता ९६ मिनिटांत संपतो.

इशारा : चार टक्क्यांचा फरक दिसला की 'चार मिनिटं सेन्सॉरने कापली' असा निष्कर्ष काढू नका. आधी फाईलचा फ्रेमवेग बघा. २५ असेल तर हिशेब तिथेच जुळतो. आवाजही किंचित चढलेला असतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. फरक चार टक्क्यांहून बराच जास्त असेल तरच कापाकापीचा विचार करा.

## टप्पा २ : साहित्य मांडून ठेवा

लागतं ते एवढंच: आडव्या रेघांची मोठी वही किंवा स्प्रेडशीट, हेडफोन आणि व्हीएलसी प्लेअर. व्हीएलसी निवडायचं कारण म्हणजे त्यात ई दाबल्यावर चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, शिफ्ट आणि एस दाबल्यावर फ्रेमचं चित्र जतन होतं, आणि जी व एच या कळांनी उपशीर्षकं पुढे-मागे सरकवता येतात. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या चित्रपटांची उपशीर्षकं बहुतेकदा दुसऱ्या प्रतीवरून उचललेली असतात आणि दर दहा मिनिटांनी आणखी मागे पडत जातात. तसं झालं तर कारण पुन्हा तेच, २४ आणि २५ चा फरक. अशी उपशीर्षकं दर वेळी सरकवत बसण्यापेक्षा त्यांचा वेग एकदाच बदलून घ्या.

रशियन लिपीची ३३ अक्षरं शिकून घ्या. चार संध्याकाळी पुरतात. अर्थ कळला नाही तरी फलकावरचा शब्द लावून वाचता आला पाहिजे, कारण उपशीर्षकं फक्त संवादांना असतात. भिंतीवरच्या घोषणा, तंबूवरची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा यांना नसतात. या जातीच्या चित्रपटात अर्धं बोलणं फलकच करतात. पाटी दिसली की फ्रेम जतन करा आणि फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून घ्या. पोलिश आणि क्रोएशियन चित्रपटांत लिपी रोमन असल्यामुळे हे काम सोपं जातं.

## टप्पा ३ : एकदा सलग पाहा, काही लिहू नका

हा टप्पा लोक गाळतात आणि मग त्यांच्या लेखात चित्रपट सापडत नाही, नुसती टिपणं सापडतात. हे चित्रपट भरलेल्या सभागृहात, एका बैठकीत, तरुण प्रेक्षकांनी पाहावेत म्हणून बनवले होते. ते कसे ओढतात हे कळायचं तर तुम्हाला एकदा ओढलं जायला हवं. दिवे बंद करा, फोन बाजूला ठेवा, शेवटपर्यंत थांबवू नका.

संपल्यावर पाचच ओळी लिहा. कोणतं माणूस आवडलं? कुठे गळा दाटला किंवा अंगावर काटा आला? कुठे कंटाळा आला? कोणाचा राग आला? शहर पूर्ण झालं असं तुम्हाला नेमकं कोणत्या क्षणी वाटलं? वेळ अंदाजे लिहिली तरी चालेल.

पडताळणी : पाच ओळींपैकी एकीत तरी चित्रपटाच्या बाजूने काहीतरी असायला हवं. नसेल तर तुम्ही ठरवून पाहिलंत. दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा पाहा.

## टप्पा ४ : चार तुकडे निवडा आणि शॉटवही भरा

सगळ्या चित्रपटाची शॉटवही करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी काम सुटतं. चार तुकडे पुरे आहेत.

1. पहिली दहा मिनिटं, म्हणजे माणसं येतात तो भाग.
2. कामाचं सगळ्यात लांब दृश्य.
3. सभेचं एक दृश्य. या चित्रपटांत ते हमखास असतं.
4. शेवटची दहा मिनिटं.

प्रत्येक शॉटला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, सुरुवातीची वेळ, सेकंद, अंतर (दूर, मध्यम, जवळ), कॅमेऱ्याची उंची (डोळ्याच्या पातळीवर, खालून, वरून), चौकटीत माणसं किती, हातात काय आहे, आवाज काय, फलकावर मजकूर काय. 'भाव', 'वातावरण', 'संदेश' असे रकाने ठेवू नका. त्यांत मत शिरतं आणि वहीचा उपयोग संपतो.

नमुना म्हणून एक ओळ कशी दिसावी ते पाहा (ओळ रचलेली आहे, कोणत्याही चित्रपटातली नाही): '१७ | ०४:३२ | ६ से. | जवळ | खालून | १ मुलगी | कुऱ्हाड, दांडा धरलेला, घाव नाही | गाणं चालू, कुऱ्हाडीचा आवाज नाही | मजकूर नाही'. या ओळीतला कामाचा भाग शेवटच्या रकान्यांत आहे. कुऱ्हाड हातात आहे पण ती चालत नाही, आणि लाकडावर घाव बसल्याचा आवाज गाण्याने झाकला आहे. असे दहा शॉट सापडले तर लिहायला काहीतरी मिळालं. 'चित्रपट श्रमाचं उदात्तीकरण करतो' हे वाक्य सगळेच लिहितात. कोणत्या शॉटमध्ये श्रम दिसतात आणि कोणत्या शॉटमध्ये फक्त श्रमाची ऐट दिसते, हे मोजून दाखवणारं कुणी नसतं.

भरून झाल्यावर तीन बेरजा करा.

पहिली, सरासरी शॉटलांबी: तुकड्याचे एकूण सेकंद भागिले शॉटची संख्या. दहा मिनिटांत ५० शॉट असतील तर १२ सेकंद. चारही तुकड्यांची सरासरी वेगवेगळी काढा. आकडा एकटा काही सांगत नाही, तो दुसऱ्या तुकड्याच्या शेजारी ठेवला की बोलतो. कामाच्या दृश्यात शॉट झपाट्याने आखूड होत गेले आणि सभेत लांबले, तर दिग्दर्शकाने घाम संकलनावर सोडलाय आणि शब्दांना वेळ दिलाय.

दुसरी, एकटं माणूस असलेले जवळचे शॉट कुणाच्या वाट्याला किती. नावं लिहा. तिसरी, खालून घेतलेले शॉट कुणाचे.

नेहमीची चूक : कॅमेरा खालून दिसला की लगेच 'नायकत्व' लिहून मोकळं होणं. माणूस मचाणावर किंवा खांबावर चढलेला असेल तर कॅमेरा खालीच असणार. सपाट जमिनीवर, बोलत उभ्या माणसाला खालून घेतलं असेल तरच तो शॉट मोजा.

## टप्पा ५ : चित्र झाका, आवाज ऐका

तेच चार तुकडे पडद्याकडे पाठ करून ऐका आणि नंतर आवाज बंद करून पाहा. छोटा टप्पा आहे, दीड तासात होतो.

ऐकताना एवढंच टिपा: गाणं सुरू होतं तेव्हा ते कुणाच्या तोंडून सुरू होतं? एकट्याच्या गळ्यातून निघून सगळ्यांच्या गळ्यात जातं, की पडद्यावर कुणी गात नसतानाही समूहगान ऐकू येतं? पहिल्या प्रकारात उत्साह माणसांतून उगवलाय असं वाटतं, दुसऱ्यात तो बाहेरून आणलेला असतो. यंत्रांचे आवाज खरे आहेत की वाद्यांनी वाजवलेले, हेही ऐका. योरिस इव्हेन्स यांनी मॅग्निटोगोर्स्कवर केलेल्या माहितीपटाला (१९३३) हान्स आइस्लर यांचं संगीत आहे. त्यात कारखान्याचा गोंगाट आणि संगीत यांचा सांधा कुठे आहे हे शोधणं हा या टप्प्यासाठी उत्तम सराव आहे.

आवाज बंद करून पाहताना थंडी, भूक, आजारपण या तीन गोष्टी चित्रात उरतात का ते बघा. पुष्कळदा त्या फक्त संवादात असतात. पात्रं थंडीबद्दल बोलतात पण कुणाचे ओठ फाटलेले नसतात.

## टप्पा ६ : माणसांचा तक्ता

आता सगळा चित्रपट दुसऱ्यांदा पाहा, या वेळी थांबत थांबत. नाव असलेल्या प्रत्येक पात्रासाठी पाच प्रश्न: कुठून आलं, कशासाठी आलं, कोणतं काम करतं, निर्णय घेतं की पाळतं, शेवटी कुठे असतं.

'कोम्सोमोल्स्क'मधली मध्यवर्ती स्त्री नताशा, तमारा माकारोवा यांनी साकारलेली. ती नवऱ्याकडे येते आणि हळूहळू तिथल्या कामात स्वतःची जागा घेते. तिच्याबरोबर निकोलाय क्र्युच्कोव्ह, प्योत्र आलेइनिकोव्ह हे त्या पिढीचे लाडके नट आहेत. शिवाय कथेत घातपात करणारा शत्रू आहे, जो आपल्यातलाच एक म्हणून वावरतो. तक्ता भरताना हे तीन प्रकार वेगळे ठेवा: बदलणारी माणसं, सुरुवातीपासून बरोबर असणारी माणसं, आणि उघडी पडणारी माणसं. त्यातल्या मधल्या प्रकाराकडे वाचक दुर्लक्ष करतात. सुरुवातीपासून बरोबर असणारं माणूस बहुतेकदा पक्षाचं असतं, त्याला फार शॉटही नसतात, आणि तरीही चित्रपटातला प्रत्येक तंटा त्याच्या एका वाक्याने मिटतो. टप्पा ४ मधली जवळच्या शॉटची बेरीज या माणसाच्या नावासमोर लिहा. शॉट कमी आणि निर्णय जास्त, असं निघालं तर लेखाचा एक परिच्छेद तिथेच तयार झाला.

पळून जाणाऱ्यासाठी स्वतंत्र ओळ ठेवा. काम सोडून जाणारा कुणीतरी या चित्रपटांत जवळजवळ नेहमी असतो. तो का जातो याचं चित्रपटाने दिलेलं कारण जसंच्या तसं उतरवा: आळशी, घाबरट, पैशाचा लोभी, की कुणी फूस लावलेला? उपाशी, आजारी किंवा फसवला गेलेला असं कारण दिलंय का?

त्यानंतर न दिसणाऱ्यांची यादी. ही चित्रपटाबाहेरच्या वाचनावरून करायची नाही, अजून नाही. पडद्यावरच्या शहराला जे लागणारच, ते कोण पुरवतं एवढंच विचारा. स्वयंपाक कोण करतं? मेलेल्यांना कुठे पुरतात? शहराआधी तिथे राहणारे लोक कुठे आहेत? कोम्सोमोल्स्क जिथे उभं राहिलं तिथे अमूरकाठी नानाई या मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि पेर्मस्कोये हे रशियन शेतकऱ्यांचं गाव होतं. ते पडद्यावर येत असतील तर कोणत्या कामासाठी, किती सेकंद? पोलंडच्या नोव्हा हुताबाबत आणखी एक प्रश्न जोडा: चर्च दिसतं का? ते शहर चर्चशिवाय आखलं गेलं होतं आणि १९६० मध्ये तिथे क्रूस हटवण्यावरून लोक रस्त्यावर उतरले होते.

## टप्पा ७ : दोन तारखा लावा

सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा हाच. प्रत्येक चित्रपटाला दोन सालं असतात. एक कथेचं, एक निर्मितीचं. वहीचं पान मधून दुमडा, डावीकडे कथेचं साल, उजवीकडे निर्मितीचं.

'कोम्सोमोल्स्क'साठी डावी बाजू अशी भरते. सप्टेंबर १९३१ पासून जपानने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली. १० मे १९३२ रोजी 'कोमिन्टर्न' आणि 'कोलुम्ब' या बोटींतून बांधकाम करणाऱ्यांची पहिली तुकडी हाबारोव्स्क या अतिपूर्वेतल्या शहराच्या खालच्या अंगाला, अमूरच्या काठी पेर्मस्कोये इथे उतरली. डिसेंबर १९३२ मध्ये त्या ठिकाणाला शहराचा दर्जा आणि कोम्सोमोलचं नाव मिळालं. पहिला हिवाळा तंबूंत आणि जमिनीत खणलेल्या खोपटांत गेला. ताज्या भाज्यांअभावी स्कर्व्हीने माणसं आजारी पडली. जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी १९३३ मध्ये, विमान कारखान्याची १९३४ मध्ये झाली.

उजवी बाजू वेगळीच आहे. फेब्रुवारी १९३७ मध्ये वालेंतिना खेतागुरोवा या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचं पत्र 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा' या कोम्सोमोलच्या वर्तमानपत्रात छापून आलं. तरुणींनो, अतिपूर्वेला या, असं ते आवाहन होतं, आणि हजारो तरुणींनी त्याला प्रतिसाद दिला. १९३७-३८ ही स्टालिनच्या अटकसत्राची वर्षं होती. १९३७ च्या शरदात अतिपूर्वेतल्या कोरियन लोकांना सरसकट मध्य आशियात हलवलं गेलं. सोव्हिएत चित्रपट खात्याचे प्रमुख बोरिस शुम्यात्स्की यांना जानेवारी १९३८ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घातली गेली. अतिपूर्वेचे सेनापती ब्ल्यूखेर नोव्हेंबर १९३८ मध्ये कोठडीत मेले. कोम्सोमोलचे सरचिटणीस कोसारेव्ह यांनाही त्याच नोव्हेंबरात पकडलं.

आता चित्रपटातली प्रत्येक मोठी गोष्ट या दोनपैकी कोणत्या बाजूला बसते ते लिहा. तंबू, जंगल, चिखल डाव्या बाजूचे. दूरवरून येणारी तरुण स्त्री आणि ती चित्रपटाच्या मध्यभागी असणं, हे १९३७ च्या आवाहनाशेजारी ठेवून बघा. वेषांतर केलेला घातपाती तर सरळ उजव्या बाजूचा. १९३२ मध्ये अमूरकाठी लोकांना स्कर्व्ही आणि थंडी मारत होती. १९३८ च्या प्रेक्षकाला मात्र सांगितलं जात होतं की काम अडतं ते शेजारच्या खाटेवरच्या लपलेल्या शत्रूमुळे. ही अदलाबदल दाखवता आली तर हा चित्रपट कुणासाठी आणि कशासाठी होता हे वाचकाला तुम्ही न सांगताही कळतं.

इशारा : दोन्ही बाजूंना बसणाऱ्या गोष्टी असतात. त्यांना जबरदस्तीने एका बाजूला ढकलू नका, मधल्या घडीवर लिहा.

पडताळणी : उजवी बाजू रिकामी राहिली तर तुम्ही निर्मितीच्या वर्षाबद्दल पुरेसं वाचलेलं नाही. एका वर्षाच्या वर्तमानपत्री मथळ्यांची यादीसुद्धा पुरते, पण ती नीट तारखांनिशी हवी.

## टप्पा ८ : आता इतिहास आणा

इथवर आल्यावरच चित्रपटाबाहेरची माहिती टेबलावर घ्या, आणि तीही तारीख लावून.

कोम्सोमोल्स्क फक्त स्वयंसेवकांनी बांधलं नाही. १९३३-३४ च्या हिवाळ्यात बांधकाम करणारे सैनिक हाबारोव्स्कहून गोठलेल्या अमूरवरून पायी चालत तिथे पोहोचले. १९३० च्या दशकातच तिथल्या बांधकामांवर आणि वोलोचायेव्का-कोम्सोमोल्स्क रेल्वेवर छावण्यांतल्या कैद्यांना राबवलं गेलं. मॅग्निटोगोर्स्कमध्ये जमिनी काढून घेतलेल्या शेतकरी कुटुंबांना सक्तीने आणून वसवलं होतं. हे लिहायलाच हवं. त्या माणसांचं काम दुसऱ्यांच्या नावावर लागलं आहे आणि आपण गप्प राहिलो तर तो अन्याय आपल्या लेखातही चालू राहतो.

पण अचूक लिहा. जपानी युद्धकैद्यांनी कोम्सोमोल्स्कमध्ये इमारती बांधल्या हे खरं आहे, आणि ते १९४५ नंतरचं आहे. १९३८ च्या चित्रपटाने ते 'लपवलं' असं लिहिणारे लेख सापडतात. अशी एक चूक पुरते. पुढचं सगळं खरं असलं तरी वाचक विश्वास ठेवत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच काळजीने लिहा. पहिल्या बोटींतून उतरलेली पोरं बनावट नव्हती. त्यांनी झाडं तोडली, ती आजारी पडली, त्यातली काही तिथेच मेली. चित्रपटाने त्यांचा खरा उत्साह घेतला आणि त्यावर १९३८ ची गरज चढवली. 'स्वयंसेवक वगैरे सगळं थोतांड' असं म्हटलं की कैद्यांबरोबर या मुलांनाही आपण पुसून टाकतो.

सक्ती आणि स्वेच्छा यांच्यामधली जागा सगळ्यात मोठी असते. कुणाला संघटनेने 'पाठवलं', कुणी नोकरी नाही म्हणून गेलं, कुणी घरातल्या अडचणीतून. पोलंडच्या 'स्लुज्बा पोल्स्त्से' या सरकारी युवक श्रमसंघटनेच्या तुकड्या आणि ११ एप्रिल १९४८ पासून नव्या बेलग्रेडच्या दलदलीत भर टाकणाऱ्या युवक तुकड्या यांच्याबद्दल लिहिताना तर हे विशेष लागू पडतं. 'स्वेच्छेने' किंवा 'बळजबरीने' हा शब्द वापरण्याआधी कोणत्या तुकडीबद्दल, कोणत्या वर्षाबद्दल बोलताय ते लिहा. सांगता येत नसेल तर दोन्ही शब्द टाळा.

माहितीपट किंवा वृत्तपट असेल तर आणखी एक प्रश्न: कॅमेऱ्यासाठी काय पुन्हा घडवलं? इव्हेन्सच्या चित्रपटातही पुनर्रचित प्रसंग आहेत, आणि त्या काळी ती सर्वमान्य पद्धत होती, म्हणून पुनर्रचना म्हणजे लबाडी असं समीकरण मांडू नका. याचा सराव करायचा तर आंद्झेय वाय्दा यांचा 'मॅन ऑफ मार्बल' (१९७७) पाहा. त्यात चित्रपट शिकणारी एक तरुणी नोव्हा हुताच्या एका विक्रमी गवंड्याचा शोध घेते, वृत्तपटाची न वापरलेली रिळं काढून बघते, आणि विटा रचण्याचा विक्रम कॅमेऱ्यासाठी कसा मांडला गेला ते समोर येतं. त्याच गवंड्याच्या हातात पुढे कुणीतरी तापवलेली वीट देतं आणि त्याचे हात भाजतात. गोष्ट कल्पित आहे, तिच्यामागे नोव्हा हुतातल्या प्योत्र ओझान्स्की या खऱ्या गवंड्याची छाया आहे. आंद्झेय मुंक यांचा 'किएरुनेक नोव्हा हुता' (१९५१) हा त्या काळातला खरा माहितीपट वाय्दाच्या आधी पाहा, नंतर नाही. उलट क्रमाने पाहिलात तर मुंकचा प्रत्येक शॉट संशयास्पद वाटत राहतो.

## टप्पा ९ : लिहा

१५०० शब्दांच्या लेखासाठी वाटणी सांगतो, ती तंतोतंत पाळायची गरज नाही. प्रत कोणती पाहिली याचे चार वाक्यांत तपशील. कथानक १५० शब्दांत. त्याहून लांबलं तर कापा. एक दृश्य शॉटवहीच्या आधाराने ४०० शब्दांत. माणसांच्या तक्त्यातलं एकच निरीक्षण ३०० शब्दांत. उरलेली जागा दोन तारखांना आणि बाहेरच्या इतिहासाला. आठही टप्प्यांचं सगळं सापडलेलं कोंबू नका. वहीतलं तीन चतुर्थांश वहीतच राहायला हवं.

प्रत्येक दाव्यामागे शॉटची वेळ द्या आणि कोणत्या प्रतीतली ते एकदा सांगा. 'भव्य', 'प्रेरणादायी', 'हास्यास्पद', 'भडक' हे शब्द आले की थांबा आणि त्यांच्या जागी तो शॉट वर्णन करून पाहा. बहुतेक वेळा विशेषण गळून पडतं.

शहराचं आजचं रूप शेवटी जोडण्याचा मोह टाळा. कोम्सोमोल्स्कमध्ये आजही विमानं बनतात, पण त्याने १९३८ चा चित्रपट खरा किंवा खोटा ठरत नाही.

मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट थिएटरात मूळ चित्रपटाआधी बघत मोठ्या झालेल्या वाचकांना धरण, कारखाना, वसाहत, हसरे मजूर ही दृश्यं ओळखीची वाटतील. तुलना करायची असेल तर एक ठरावीक अनुबोधपट घ्या, त्याचीही शॉटवही भरा आणि त्यालाही दोन तारखा लावा. 'आपल्याकडेही असंच होतं' एवढं म्हणून सोडलेलं वाक्य दोन्ही देशांवर अन्याय करतं. आपल्याकडे सिनेमागृहांना ते दाखवणं बंधनकारक होतं आणि बांधणाऱ्यांत निवडणुकीत मत देणारी माणसं होती. साम्य आणि फरक दोन्ही शॉटमध्ये दाखवा.

## गटात दाखवायचा असेल तर

जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा किंवा त्यातून सवलतीचा प्रश्न, हे दोन वेगळे विषय आहेत. एक सुटला म्हणजे दुसरा सुटला असं नाही. दोन्ही महिनाभर आधी मार्गी लावा.

प्रास्ताविक पाच मिनिटांचं ठेवा आणि त्यात फक्त निर्मितीचं साल, दिग्दर्शक आणि प्रत कोणती एवढंच सांगा. छावण्यांची माहिती खेळाआधी दिली की प्रेक्षक चित्रपट पाहत नाहीत, आरोपीला पाहतात. चित्रपटानंतर दहा मिनिटं मोकळी सोडा. मग प्रत्येकाला कागदावर टप्पा ३ मधल्या पाच ओळी लिहायला लावा, आणि त्या वाचून झाल्यावरच तारखांचं दुमडलेलं पान पडद्यावर दाखवा. चर्चा एकाच माणसाच्या भाषणात अडकली तर सभेचं दृश्य, पाच-सहा मिनिटांचं, आवाज बंद करून पुन्हा लावा आणि एकच प्रश्न विचारा: या खोलीत कोण बोलत नाही?

कागद गोळा करून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा गट तोच चित्रपट पाहील तेव्हा कुणाला कुठे काय वाटलं याची ती नोंद प्रास्ताविकापेक्षा जास्त उपयोगी पडते.